पोरीनं केलेल्या बाईला तोंडाच्या जागी भोक हाय, ब्रॉन्झमध्ये ओतायची म्हणते, ओतावी का?

वडगावचा_मागवाला

नमस्कार मंडळी. हितं चित्रकलेतले पण लोक हायत आणि बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांचा भाग) फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काम करणारे पण हायत, म्हणून दोघांना एकदमच विचारूलालोय. मी वडगावचा, घरी चार माग, साड्या. पोरगी कोल्हापुरात शिल्पकला शिकूलालीय, शेवटचं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीत मागाच्या खोलीत कोपरा धरून बसली आणि पंधरा दिवसांत मातीची एक बाई केली. दीड फूट उंची, उभी, एक हात वर, डोक्यावर घागर. घागर हाय हे ती सांगती म्हणून कळतंय. मांड्या म्हणजे कुऱ्हाडीनं तासलेल्या लाकडागत, पोट एकीकडं तोंड करून आणि छाती दुसरीकडं, आणि वर केलेला हात न् खांदा यांच्या मधी जिथं चेहरा पाहिजे तिथं आरपार भोक. माझी आई बघून म्हणाली, अगं हिचं तोंड उंदरानं खाल्लं काय. पोरगी दोन दिवस आजीशी बोलली नाही.

ती म्हणते ह्याला क्युबिझम म्हणतात, पिकासो वगैरे. ते असेल. पण आता तिचं म्हणणं ही ब्रॉन्झमध्येच पाहिजे, फायबर नको, प्लास्टर नको. उद्यमबागेत एका फौंड्रीत जाऊन आलो (नाव नको), मोबाईलवर फोटो दाखवला तर तो म्हणतो ड्रॉइंग आणा, पीस किती पाहिजेत ते सांगा, शंभराच्या खाली हात लावत नाही. एकच पीस पाहिजे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी एक मीटर साडी मागितली.

तर माझे प्रश्न. एक, ह्यात खरंच काही हाय का पोरं सुम्मने (उगाच) काहीतरी मोडून ठेवतात आणि आपण मान हलवायची. दोन, बेळगावात हे ओतून मिळेल काय. तीन, खर्च किती आणि ब्रॉन्झचाच हट्ट कशाला. रागावू नका कुणी, मला खरंच कळत नाही म्हणून विचारूलालोय.


टिळकवाडी_टाइमपास

चेहरा नाही म्हणजे केवायसी होणार नाही, बाकी काही अडचण दिसत नाही 😀

जोक सोडा दादा, फोटो टाका की. आणि आजींना माझा नमस्कार, उंदराचं वाचून चहा नाकातून आला.


कोअरवाला

मागवाले दादा, मी उद्यमबागेतच, बावीस वर्षं मोल्डिंगला, त्यातली चौदा कोअर शॉपला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण पहिल्याचं मला कळत नाही असं मी समजत होतो, लिहिता लिहिता काय होतंय बघू.

तुम्ही ज्याच्याकडं गेला त्याची चूक नाही. आमच्या हितं जे चालतं ते सँड कास्टिंग, वाळूच्या साच्यातलं ओतकाम, पंपाच्या केसिंगा, व्हॉल्व्ह, ऑटोचे पार्ट, जास्त करून सीआय, म्हणजे बीड. पॅटर्न, म्हणजे नमुना, लाकडाचा नाहीतर अल्युमिनियमचा, वाळूत दाबायचा आणि वर उचलून काढायचा. उचलताना वाळू मोडू नये म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, ड्राफ्ट म्हणतात. आता तुमच्या पोरीची बाई घ्या. कोपराखाली खाच, घागरीखाली खाच, छातीची कड आत वळलेली, हे सगळं अंडरकट. वाळूतून ती बाई वर निघायचीच नाही, निघताना निम्मा साचा घेऊन येईल. तुकडे पाडून, लूज पीस लावून करता येतं, पण एका पीससाठी एवढं कोण करत नाही, दादा.

हिच्यासाठी मेणाचं ओतकाम पाहिजे. मातीच्या मूर्तीवर रबराचा साचा घ्यायचा, बाहेरून प्लास्टरचं कवच. त्यात आतून मेण फिरवायचं, जाडी पाच एक एमएम. मग मेणाची पोकळ बाई बाहेर येते, तिला मेणाच्याच काड्या लावायच्या, धातू आत जायला रनर आणि हवा निघायला वाट. आत आणि बाहेर प्लास्टर-विटेची भुकटी भरायची, भट्टीत ठेवून मेण पळवायचं, आणि मेण होतं त्या जागेत धातू. आतला गाभा हलू नये म्हणून खिळे मारून ठेवतात, ते नंतर काढून भोकं बुजवायची.

वजनाचं बोलायचं तर भरीव ओतली तर पोकळपेक्षा कितीतरी जड जाईल. भरीव करायचीच नाही, पैसे जातात ते जातात आणि जाड भाग उशिरा थंड होऊन आत ओढून घेतो, मांडीवर खड्डा पडतो. धातू म्हणाल तर आमच्याकडं गनमेटल सहज मिळतं, पंचाऐंशी तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच. पुतळेवाले नव्वद तांबं दहा कथील घेतात, हल्ली सिलिकॉन ब्रॉन्झ पण वापरतात, ते वेल्डला बरं पडतं.

आता मुख्य गोष्ट. साडी नेसलेली बाई ओतायला सोपी, चुण्यांमध्ये सगळं खपतं. ही तुमची तासलेली बाई अवघड आहे. सपाट पान, म्हणजे तासलेली बाजू, आहे ना, त्यात मेण जरासं वाकलं तरी ते ओतल्यावर ढळढळीत दिसतं. आणि दोन पानं मिळतात ती जी धार, ती फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतल्यावर घासून साफ करताना, मरते. पोरगं ग्राइंडर लावतं, दोन मिनिटात धार गोल, की झाली बाई बटाटा. म्हणून जो कोण करेल त्याला आधी सांगून ठेवा की धारेवर मशीन नाही, कानशीनं आणि हातानं.

आणि ते भोक. उंदराचं. मी हसलो पण मग थांबलो. आमच्यात भोक म्हणजे काही नाही असं नसतं. केसिंगमध्ये पाणी जिथून जातं ती रिकामी जागा माझ्या हातात आधी कोअर म्हणून येते, बॉक्समध्ये वाळू भरून काढलेली, भाजलेली, तिला वजन असतं, तिची तोंडं असतात, ती पडली तर फुटते आणि सुपरवायझर ओरडतो. चौदा वर्षं मी रिकाम्या जागाच घडवतोय. तुमच्या पोरीनं चेहऱ्याची कोअर ठेवली आणि ओतल्यावर काढून टाकली, एवढंच. फोटो टाकाच.


निवृत्त_चित्रकला_मास्तर

कोअरवाले, तुम्ही जे लिहिलंय ते समजायला आमच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं लागायची, आणि काहींना तेवढ्यातही लागत नसे.

मी निपाणीचा, हायस्कूलला चित्रकला शिकवून निवृत्त झालो, शिल्पकार नाही, पण हा विषय आवडीचा. मागवाले, तुमच्या मुलीनं भोक कुठून घेतलं ते मी सांगू शकतो. अर्किपेंको नावाचा एक जण होता, कीव्हचा, १९०८ साली पॅरिसला आला. त्याची केस विंचरणाऱ्या बाईची एक छोटी ब्रॉन्झ आहे, १९१५ ची, जेमतेम चौदा इंच. हात वर, केस विंचरतेय, आणि वर केलेल्या हाताच्या आत जिथं चेहरा असायला हवा तिथं आरपार मोकळं. गंमत अशी की बघताना आपण त्या मोकळ्या जागेतच डोकं बघतो, कारण भोवतालचा हात आणि केस त्या जागेला आकार देतात. म्हणजे तुमच्या आईंना तोंड गेलेलं दिसलं, याचा अर्थ तोंड कुठं असायला हवं होतं हे त्या भोकानं बरोबर सांगितलं! मुलीला म्हणावं आजीवर रागावू नकोस, पहिली नीट समीक्षा तिनंच केली.

पण त्याआधी पिकासो. १९०९ साली त्यानं फर्नांद नावाच्या आपल्या मैत्रिणीचं डोकं केलं, सोळा इंचांच्या आसपास, ब्रॉन्झमध्ये प्रसिद्ध आहे. त्यात भोक नाही. त्यात गाल, कपाळ, केस सगळं उभ्याआडव्या पानांमध्ये कापलंय, मानेचा पिळा तर उसाच्या पेरासारखा. रंगचित्रात त्यानं आधी हेच केलं होतं, की एकाच वेळी समोरून, बाजूनं, वरून बघितलेलं एका कागदावर मांडायचं. आता शिल्पाभोवती तर आपण फिरूच शकतो, मग शिल्पात ह्याची गरज काय, असा प्रश्न मला वर्गात एका मुलानं विचारला होता आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देतो. फिरताना जे एकामागून एक दिसतं ते एका जागी उभं राहून दिसावं, म्हणून पोट एकीकडं आणि छाती दुसरीकडं. तुमची मुलगी मोडत नाहीये, ती बाईला वळवतेय.

दुसरं म्हणजे ही मंडळी थेट ब्रॉन्झ करत नव्हती. मातीत करायची, प्लास्टर घ्यायचं, आणि पैसेवाला कोणी भेटला तर ओतायचं. फर्नांदचं डोकं पिकासोनं मातीत केलं, ब्रॉन्झ केलं ते व्होलार नावाच्या व्यापाऱ्यानं. बोच्चिओनी म्हणून इटालियन, तो क्युबिस्ट नव्हे फ्युचरिस्ट, पण शेजारघरचाच, त्याची १९१३ ची ती चालणारी आकृती तुम्ही पाहिली असेल, इटलीच्या वीस सेंटच्या नाण्यावर आहे. तो १९१६ ला घोड्यावरून पडून गेला. जिवंत असेपर्यंत ती प्लास्टरमध्येच होती, ब्रॉन्झ सगळी नंतरची.

तेव्हा माझा सल्ला, आधी प्लास्टर घ्या. ब्रॉन्झ पळून जात नाही.


खानापूर_जंगलवाट

मला स्पष्ट बोलू दे. हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आणि युरोपातलं. वडगावच्या मागाच्या खोलीत बसून पॅरिसची नक्कल कशाला? आपल्याकडं हलशीला जा, देगावचं कमलनारायण देऊळ बघ, शेताच्या बांधावर वीरगळ पडलेत ते बघ. आपली घागर घेतलेली बाई आपल्यासारखी कर की. पुतळा बघितल्यावर माणूस ओळखू यायला पाहिजे असं माझं मत. (आणि पुतळा हा शब्द काढल्याबरोबर आपल्या जिल्ह्यात काय काय निघतं ते सगळ्यांना माहिती आहे, ते इथं नको, मॉडरेटर धागा बंद करतील.)


निवृत्त_चित्रकला_मास्तर

जंगलवाट, वीरगळाचं काढलंत ते बरं केलंत. वीरगळात तो वीर ओळखू येतो का? नाक-डोळे असतात का धड? तीन कप्पे, खाली लढाई, मधे अप्सरा घेऊन चालल्यात, वर पिंडीपाशी बसलाय, एकच माणूस तीन वेळा एकाच दगडावर. आपल्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही कारण लहानपणापासून बघतोय.

आणि देव्हारा. तुमच्या घरी टाक असतीलच. पत्र्यावर ठोकलेला खंडोबा, अंगठ्याएवढा, दोन टिंबं डोळे, एक रेघ तलवार, घोडा म्हणजे चार काड्या. त्याला कुणी म्हणतं का देवाचं नाक कुठंय? मागवाले, आईंना टाक हातात देऊन विचारा.

अर्थात टाक म्हणजे क्युबिझम नव्हे, हे मीच आधी सांगतो नाहीतर कोणीतरी पकडेल. टाकात आकृती सपाट होते, चिन्ह होते. क्युबिस्ट शिल्पात उलट, घनपणाच वाढवतात, पानं पाडून. पण ओळखू येणं हीच एक कसोटी नाही एवढं टाकावरून पटावं. पिकासो स्वतः आफ्रिकेतले मुखवटे बघून हलला होता, १९०७ ची गोष्ट. नक्कल कोण कुणाची करतंय ह्याचा हिशेब फार लांब जातो.

आपल्याकडंही हे नवीन नाही. गगनेंद्रनाथ टागोर १९२० च्या दशकात क्युबिस्ट धर्तीची चित्रं करत होते. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ ला संथाळ कुटुंब केलं, ब्रॉन्झ नाही, सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी. डोक्यावर, कावडीत संसार घेऊन चाललेलं कुटुंब. ते पूर्ण क्युबिस्ट नाही, पण त्यांनी युरोपातलं ते पाहिलं होतं आणि पचवलं होतं. जांभा तर जंगलवाट तुमच्या खानापुरात पायाखाली आहे.


खानापूर_जंगलवाट

टाकाचं मान्य. बाकी विचार करतो. पण घागर घागरीसारखी पाहिजे, ह्यावर मी ठाम.


मूळची_शहापूरची

मी शहापूरची, सध्या कामानिमित्त रॉटरडॅमला. हा धागा आईनं फॉरवर्ड केला 😄

दादा, मी रोज एक भोक असलेल्या माणसासमोरून सायकलनं जाते. झाडकिन नावाच्या शिल्पकाराचा आहे, ब्रॉन्झ, १९५३ चा, वीसेक फूट उंच. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी इथलं जुनं शहर अक्षरशः सपाट केलं, त्याची आठवण म्हणून. दोन्ही हात वर, मान मागे टाकलेली, ओरडतोय की आभाळ अडवतोय कळत नाही, आणि छातीपोटाच्या जागी काहीच नाही, आरपार. शहराचा मधला भाग गेला म्हणून ह्याचा मधला भाग गेला. झाडकिन पॅरिसला त्या क्युबिस्ट लोकांमध्येच वाढला.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आवडला नव्हता हे खरं सांगते. नोव्हेंबर, पाऊस, मी नवीन, घरची आठवण, आणि हा असा वेडावाकडा. मग एकदा संध्याकाळी मागच्या बाजूनं येत होते तर त्या भोकातून मागचं आभाळ दिसलं, जरा नारिंगी होतं, आणि मी सायकल थांबवली. समोरून तो घाबरलेला वाटतो, मागून रागावलेला. बाजूनं बघितला तर पाय वाकलेत, पळायच्या बेतात. एकाच माणसाचे तीन मूड, मास्तर म्हणतात ते वळवणं मला तिथं कळलं. फोटोत नाही कळत, फिरावंच लागतं, त्यामुळे पोरीची बाई कुठल्या तरी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, मधे स्टुलावर ठेवा. आणि आजींना स्टुलाभोवती फिरवा.


वडगावचा_मागवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं. काय काय झालं ते सांगतो.

स्टुलावर ठेवली. मागाच्या खोलीत एकच बल्ब हाय, तो खाली ओढला. आई फिरली. अर्धा फेरा झाल्यावर थांबली आणि म्हणाली, ही विहिरीवरनं यायलीय आणि मागं कोणतरी हाक मारूलालंय म्हणून वळलीय. पोरगी गप्पच झाली. मी पण. नंतर पोरगी मला म्हणाली मी असं काही ठरवलंच नव्हतं. टाक पण दिला आईच्या हातात, ती म्हणाली देवाचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, तर मास्तर, ते काही पटलं नाही तिला.

प्लास्टरचं पोरीला सांगितलं. तिचं म्हणणं असं की प्लास्टर पांढरं असतं, उजेड सगळीकडं सारखा पसरतो, भोक मऊ पडतं. ब्रॉन्झ काळपट, धारेवर तेवढा उजेड बसतो आणि भोक आणखी खोल होतं, म्हणून ब्रॉन्झ. मी चाळीस वर्षं जरीचं काम करूलालोय, गडद काठावर जर उठते आणि फिक्यावर मरते एवढं मला कळतंय, तेव्हा तिचं म्हणणं मी धरलं.

कोअरवाले, धारा मरू नयेत म्हणून काय करायचं, आणि माती सुकूलालीय, भेगा पडूलालेत घोट्यापाशी. कोल्हापूरला न्यायची का हितंच काही होईल? फोटो आता टाकलाय वर.


कोअरवाला

फोटो बघितला. घोटे बारीक आहेत, तिथं दोन्ही पायांवर सगळं वजन येतं आणि धातू पण तिथूनच शेवटी जातो, तो भाग गार होऊन अर्धवट राहील. ओतताना बाईला उलटी धरायची, पाय वर, म्हणजे घोट्याला वरून रनर देता येतो. किंवा पायाखालचा चौथरा तिच्यासोबतच ओता, म्हणजे घोट्यांना आधार. हे पोरीला विचारा, तिची बाई आहे.

घागर धरलेला हात वेगळा ओतून नंतर जोडायला सांगा. त्याच धातूची काडी घेऊन टिग वेल्ड, जोड घासून काढला की दिसत नाही, फक्त जोड पानाच्या मधे घ्यायचा, धारेवर नाही. रंग म्हणजे ते काळपट-तपकिरी, तो केमिकल मारून गरम करून येतो, सपाट पानावर ब्रशचे फराटे उठतात तेव्हा घाईनं मारू देऊ नका. मूर्तीचं मेणकाम करणारे कोल्हापुरात आहेत, आमच्या हितं तसा सेटअप नाही, मी खोटं सांगत नाही.

पण प्लास्टर मात्र आत्ता, ह्याच आठवड्यात. मास्तर बोलले ते कारण वेगळं, माझं वेगळं. रबराचा साचा काढताना माती बहुतेक वेळा मोडतेच, आणि घोट्याला भेग आहे म्हणजे ती तेवढी पण थांबणार नाही. आधी प्लास्टरमध्ये घ्या, धारा त्यात कानशीनं आणि पॉलिश पेपरनं पक्क्या करा, आणि मग त्या प्लास्टरवरून रबर. प्लास्टर मोडलं तरी जोडता येतं. ती धार तिनं स्वतः करायची, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. धातूत धार नंतर आणता येत नाही, आधीच असावी लागते.

खर्चाचं, मेणकामवाले वजनावर आणि मजुरीवर सांगतील, मजुरी धातूपेक्षा जास्त निघेल, चकित होऊ नका. दोन ठिकाणी विचारा. आणि जाडी लिहून घ्या.

तोपर्यंत मातीवर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, घोट्याला जास्त. फडकं सुती घ्या, तुमच्या घरी काय कमी आहे. माग बंद ठेवा, मागाच्या हादऱ्यानंच ती भेग वाढतेय असं मला फोटोवरून वाटतं. रविवारी मला सुट्टी आहे, अकराला येतो वडगावला, प्लास्टर मी घेऊन येतो, तुम्ही फक्त दोन बादल्या आणि जुनी पेपरची रद्दी काढून ठेवा.


वडगावचा_मागवाला

या की. चारही माग आत्ता बंद केले. आई म्हणतीया जेवूनच जायचं.


टिळकवाडी_टाइमपास

मी पण येऊ काय? बादली धरतो.